नांदायला गेलेल्या बादल्या

मावशीच्या घरात कचऱ्याची टोपली नव्हती. खोली भाड्यानं घेताना मी पाण्याचं विचारलं, विजेचं विचारलं, विंचवांचंसुद्धा विचारलं. कचऱ्याचं तेवढं विचारायचं राहिलं. तिसऱ्या दिवशी सगळा केर वर्तमानपत्रात गुंडाळून मी अंगणात येऊन उभी राहिले. मावशी दगडावर बसून एका बादलीचं बूड ठोकत होती.

"मावशी, हे कुठं टाकू?"

"काय हाय त्याच्यात?"

"काही नाही, कचरा."

"उघडा बरं, पाहू."

आता आपला कचरा दुसऱ्याला उघडून दाखवायची सवय कुणाला असते? मी लाजत लाजत पुडकं सोडलं. तुटका कंगवा, बामची रिकामी बाटली, चहाचा चोथा, परकराची तुटलेली नाडी, पेनची दोन टोपणं आणि स्लिपरचा पट्टा. मावशीनं चष्मा नाकावर सरकवला आणि एकेक वस्तू उचलून, फिरवून बघितली. चोथा गुलाबाच्या बुडाशी गेला. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून तिची चिमणी करायची ठरली, आणि नाडीची झाली वात. टोपणं छत्रीच्या काड्यांच्या टोकांना लागणार होती. पट्टा कुणाच्या तरी सायकलच्या ब्रेकला. शेवटी तिनं वर्तमानपत्र झटकलं, चार घड्या घालून मांडीखाली ठेवलं आणि मला विचारलं, "मॅडम, यात कचरा कोणता व्हता?"

कंगवा मात्र तिनं परत दिला. अर्धे दात शाबूत आहेत आणि तुमचे केस तरी कुठं फार आहेत, असं तिचं म्हणणं पडलं.

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेली, जिल्हा परिषदेच्या शाळेतली मास्तरीण. गाव सेनगाव तालुक्यातलं, पुसेगावच्या अलीकडचं. नाव सांगत नाही, कारण पुढं जो घोटाळा झाला त्यात माझाच हात होता आणि गावातली माणसं अजून भेटली की त्याच गोष्टीवरून हसतात. शाळेला सगळ्यात जवळची रिकामी खोली बौद्धवाड्यात मावशीकडं होती. लुगड्यावर ती नवऱ्याचा जुना खाकी शर्ट घालायची. शर्टाला चार खिसे, आणि चारही खिशांत स्क्रू, वायसर, पिना, कथलाचे तुकडे. चालताना ती खुळखुळायची. वर्गात फळ्याकडं तोंड करून उभी असले तरी मला कळायचं, मावशी शाळेवरून चालली आहे.

नवरा सायकलवर गावोगाव फिरून स्टोव्ह आणि बादल्या दुरुस्त करायचा. तो गेल्यावर मावशीनं हत्यारं घेतली आणि सायकलही घेतली. सायकल तिला चालवता येत नव्हती. ती सायकल हातात धरून शेजारून चालायची, पुसेगावच्या बाजारापर्यंत आणि परत. कुणी विचारलं, की म्हणायची, "इतकी वर्सं त्यांना वाहून नेलं तिनं. आता जरा मोकळी चालू द्या की."

मोठ्या घरांतून लोक जे टाकून द्यायचे ते ती आणायची. बूड गेलेल्या बादल्या, न पेटणारे स्टोव्ह, काड्या मोडलेल्या छत्र्या, बिजागरी तुटलेल्या ट्रंका. आठ-पंधरा दिवस त्या अंगणात पडायच्या, मग एके दिवशी ठाकठीक होऊन कुणाच्या तरी घरी जायच्या. बौद्धवाड्यात, नाहीतर गावाबाहेरच्या तांड्यावर. नवी बादली घेणं जिथं जिवावर यायचं, अशाच घरी. बदल्यात कुणी ज्वारी द्यायचं, कुणी गवऱ्या, कुणी एक दिवस तिच्याबरोबर ठोकाठोकीला बसायचं. असं बसता बसता पाच-सात बायका तयार झाल्या. एक नुसते स्टोव्ह बघायची, एक कंदील.

आणि छत्र्या तांड्यावरच्या याडीकडं. याडी म्हणजे बंजारा बोलीत आई. पण ही म्हातारी सगळ्याच तांड्याची याडी होती. छत्रीचं फाटलेलं कापड तिच्याकडं जायचं आणि ती त्यावर ठिगळ लावायची. साधं ठिगळ लावणं तिच्या हातालाच माहीत नव्हतं. लाल-पिवळा दोरा, कवड्या, आरसे! आमच्या हेडमास्तरांनी आपली काळी, गंभीर छत्री दुरुस्तीला दिली आणि ती नऊ आरसे लावून परत आली. पहिल्या दिवशी ते संतापानं थरथरत होते. "मी ही उघडून शाळेत येऊ? मी?" मग पाऊस लागला, नाइलाजानं उघडावी लागली, आणि सगळी शाळा टाळ्या वाजवत व्हरांड्यात धावली. त्यानंतर ते ऊन असलं तरी छत्री उघडूनच यायला लागले. कुणी मागितली तर देत नसत.

पण मावशीचा खरा विक्षिप्तपणा पुढंच आहे. ती वस्तू विकायची नाही, द्यायचीही नाही. ती वस्तू "नांदायला" पाठवायची. बादली न्यायला आलेल्या बाईला आधी समोर बसवायची. "घरात माणसं किती? पाणी किती लांबून आणता? आपटत त न्हाई ना?" स्टोव्ह न्यायला आलेलीला दम भरायची, "राकेल संपल्यावर पंप मारमारून हिचा जीव घ्यायचा न्हाई." उत्तरं मनासारखी आली नाहीत तर बाई रिकाम्या हातानं परत. आणि एक अट सगळ्यांना सारखी होती. वर्षातून एकदा, पंचमीला, वस्तू तिच्या अंगणात आली पाहिजे. लेकी पंचमीला माहेरी येतात, तशी.

मी एकदा खोडी काढली. "मावशी, तुम्ही तर पंचमी पाळत नाही. देवबिव मानत नाही."

"न्हाईच मानत. पण लेकीनं माहेरी येणं देवाचं काम हाय का? ते मायचं काम हाय."



तर सणाला बादल्या-स्टोव्ह घरी लागतात म्हणून हे माहेरपण पंचमीच्या आदल्या दिवशी व्हायचं, संध्याकाळी परत सासरी. त्या दिवशी तिचं अंगण बघण्यासारखं असायचं. तांड्यावरून, बौद्धवाड्यातून, आजूबाजूच्या दोन-चार गावांतून शे-सव्वाशे वस्तू यायच्या. डोक्यावरून, सायकलवरून, एकदा तर बैलाच्या पाठीवरून. मावशी सगळ्यांना राखेनं घासायची आणि शाळेच्या फोटोसारखं ओळीत बसवायची. बुटके स्टोव्ह पुढं, बादल्या मधे, ट्रंका मागं. मग प्रत्येकीची तपासणी. कुणाचा वायसर बदल, कुणाला कथलाचा डाग दे, कुणाची कडी आवळ. हे करताना ती इतकी खूश असायची की गाणंसुद्धा म्हणायची, आणि मावशीचं गाणं ऐकून शेजारची शेळी दूध चोरायची असं शेजारीण शपथेवर सांगे.

आता घोटाळा.

माझ्या चौथ्या पावसाळ्यात गावात स्वच्छतेची मोहीम आली. तालुक्याची समिती तपासायला येणार, त्याआधी गावातले कचऱ्याचे ढीग उचलायचे. कुठला ढीग उचलायचा ते ट्रॅक्टरवाल्याला कळावं म्हणून ढिगाजवळ गेरूनं फुली मारायची, आणि हे काम अर्थातच शिक्षकांकडं. नेमकं पंचमीच्या आदल्या दिवशी मी गेरूचा डबा आणि कुंचला घेऊन सकाळी सकाळी निघाले. मावशीच्या अंगणाच्या कोपऱ्यावर, नाल्याच्या कडेला गावचा एक जुना उकिरडा होता. तिथल्या दगडावर मी फुली मारली. मावशी अंगणातून बघत होती. तिच्या लेकी ओळीत बसल्या होत्या.

"मॅडम, ही फुली कायची?"

मला शाळेला उशीर होत होता. मी म्हणाले, "सरकारी काम आहे मावशी. जिथं फुली, तिथं आज गाडी येणार." आणि गेरूचा डबा ओसरीवर ठेवून पळाले.

एवढंच बोलले मी. पण मावशीला फुल्यांचा इतिहास होता. काही वर्षांपूर्वी घरकुलाच्या पाहणीला माणसं आली होती आणि दारादारांवर गेरूनं खुणा करून गेली होती. मावशी तेव्हा सायकलीबरोबर बाजाराला गेलेली. दार बंद म्हणून खूण नाही, खूण नाही म्हणून नोंद नाही. शेजारी पक्क्या भिंती उभ्या राहिल्या, मावशीचा कूड तसाच राहिला. तेव्हापासून तिच्या मनात पक्कं बसलं होतं, की सरकारची खूण ज्याच्यावर तो मोजला गेला, बाकीचे गेले वाऱ्यावर.

मग तिनं काय केलं? माझा डबा घेतला आणि एकेका बादलीवर, एकेका स्टोव्हवर, माहेरी आलेल्या हेडमास्तरांच्या छत्रीच्या दांड्यावरसुद्धा, न चुकता फुली मारली. शे-सव्वाशे फुल्या! एकही लेक या खेपेला नोंदीवाचून राहू नये म्हणून.

ट्रॅक्टर आला. गड्यांनी फुल्या पाहिल्या आणि माल भरायला घेतला. मावशी त्यांना मदत करत होती, हे लक्षात घ्या. स्वतःच्या हातानं एकेक वस्तू ट्रॉलीत चढवत होती. "ही छत्री आडवी ठेवू नका, तिला तकलीफ व्हते." "हा स्टोव्ह नवा हाय, त्याला कडंला बसवा." वर सगळ्यांना चहा पाजला.

संध्याकाळी मी घरी आले तर अंगण रिकामं आणि मावशी दारात हसत उभी.

"झाली बरं मॅडम, नोंद झाली! समद्या तालुक्याला गेल्या. कधी आणून सोडतील वो?"

 काय झालं ते मी तिला सांगितलं. तिचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं, हे जास्त वाईट होतं. ती ओसरीवर बसली. खिसेसुद्धा वाजले नाहीत. तेवढ्यात पहिली बाई स्टोव्ह न्यायला आली. तिच्या मागं दुसरी. तिसरी याडी, तिची जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची बादली न्यायला. तांड्यावर पाणी लांबून आणावं लागे आणि त्या घरात तेवढी एकच बादली होती. मावशीनं त्या बायांकडं बघितलं आणि म्हणाली, "तुमच्या वस्तू मी माझ्या हातानं घालवल्या."

चूक माझी आहे, मी म्हणाले. कुणी ऐकलंच नाही.

ट्रॅक्टरवाला गावातच सापडला. त्यानं कचरा गावाबाहेर टाकला होता आणि लोखंड-पत्रा वेगळा काढून वारंगा फाट्याच्या भंगारवाल्याच्या ट्रकला घातला होता. "फुली व्हती ना मॅडम," तो मलाच समजावत होता. "फुल्या तुमीच मारल्या ना?"

दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळीच एक काळीपिवळी जीप ठरवली. नऊ माणसांची जीप, आम्ही चौदा जणी, शिवाय भाता आणि हत्यारांची पेटी. मी बॉनेटला टेकून, निम्मी बाहेर. हिंगोली मागं पडली. मग याडीला एकदम आठवलं, की मावशीनं गड्यांना चहा पाजला होता. "आन् साखर जास्त घातली म्हने!" ती म्हणाली आणि एक जण फिसकन हसली, मग दुसरी. कळमनुरीपर्यंत सगळी जीप हसून हसून हलत होती. ड्रायव्हर वैतागला होता. मावशी मात्र समोर रस्त्याकडं बघत बसली होती.

भंगारवाला शेठ खाटेवर बसला होता. मागं डोंगराएवढा ढीग. रात्री पाऊस पडून गेलेला, त्यामुळं फुल्या धुऊन निघाल्या होत्या.

"बाई, मैंने तो तौल के लिया," शेठ म्हणाला. वाईट माणूस नव्हता, पण त्याला हसू येत होतं. "आन् आता यातलं तुमचं कोणतं, माझं कोणतं? बादली तो बादली है."

"बादली म्हंजे बादली नसते," मावशी म्हणाली. तिनं ढिगाकडं पाठ केली. "वाजवा."

"क्या?"

"एक एक उचला आन् वाजवा. मी सांगते कोणाची ती. एक जरी चुकलं त आमी रिकामी जीप घेऊन जातो."

आम्ही सगळ्या गार. चौदा घरांचं नाही, शंभर घरांचं सामान तिनं एका बोलावर लावलं होतं. शेठनं गंमत म्हणून गज उचलला आणि एका बादलीवर हाणला.

"बौद्धवाडा. गिरणीजवळचं घर," मावशी म्हणाली. "बुडाला दोनदा डाग देल्ता, म्हनून आवाज बसका. आत बोट घालून पाहा, दोन डाग हायेत."

शेठनं बोट घातलं. दोन डाग होते.

ठण्ण. "माझी न्हाई." ठक्क. "तांडा. बाळंतिणीचं घर. कडी नवी हाय, एकच." एक स्टोव्ह हलवला. "वायसर ढिला. कालच बदलणार व्हते, राहून गेलं." शेठच्या माणसानं एक छत्री फटकन उघडली. "हेडमास्तर," मावशी न वळता म्हणाली आणि नऊ आरशांत तो माणूस नऊ वेळा चकित झालेला आम्हाला दिसला. आता फाट्यावरचे लोक गोळा व्हायला लागले. पंक्चरवाला आला, टपरीवाला आला, एक ट्रक नुसता बघायला थांबला. प्रत्येक बरोबर उत्तराला ओरडा. मी तर उड्या मारत होते. शिक्षिका आहोत हे मी साफ विसरले होते.

शेठ उठून उभा राहिला. हळूच खाटेखालून काहीतरी काढलं आणि वाजवलं.

मावशी थांबली. पहिल्यांदाच. 

"हे माझं न्हाई," ती म्हणाली. "ढिगातलं बी न्हाई. चहाची किटली हाय, तुमच्याच घरची. आन् गळून राहिली."

"सुबह से बोल रहा हूँ सेठ को!" चहा करणारा पोरगा ओरडला आणि फाटा हसून फुटायचा बाकी राहिला. शेठनं गज खाली टाकला, कानाला हात लावले.

दुपारपर्यंत आमचा ढीग वेगळा निघाला. सगळं मिळालं, एक सोडून. याडीची बादली. ती पलीकडं घणाजवळ सापडली. जर्मनचा पत्रा मऊ, तिला सगळ्यांत आधी ठोकून सपाट केली होती. मावशीनं ती चपटी झालेली बादली मांडीवर घेतली आणि हमसून हमसून रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "माझ्या अंगणातून गेली वो ही. माझ्या हातानं चढवली."

 मला वर बघवत नव्हतं.

याडी खाली बसली. तिनं तो पत्रा घेतला, उन्हात धरला, उलटा-सुलटा केला.

"रडून काहून राहिली?" ती म्हणाली. "पानी मी घागरीत आणीन. माझ्याकडं परात कुठं व्हती? ही बघ, झाली. निम्मं काम त ह्या शेठनंच ठोकून ठेवलंय, तू फक्त कडा उचल."

मावशीनं डोळे पुसले. पत्र्याकडं बघितलं. कडेवरून बोट फिरवलं. आणि मग तिला हसू फुटलं ते थांबेना. तिथंच, शेठच्या ऐरणीवर, तिनं कडा उचलायला घेतल्या.

परात होता होता तिची नजर मोठ्या ढिगावर गेली. "शेठ, यात किती जित्या हायेत, म्हाईत हाय का तुमाला? जित्या वस्तू ठोकून राहिले तुमी." माल फुकट न्यायला ती तयार नव्हती. तिनं सौदा मांडला. दर मंगळवारी ट्रक भरायच्या आधी आमच्या बाया येतील, ढीग बघतील, जे नीट होण्यासारखं आहे ते इथंच बसून नीट करतील. निम्मं तुमचं, निम्मं आमचं. आजच्या मालाची भरपाई त्यातूनच. शेठनं किटलीकडं बघितलं आणि हो म्हणाला.

"तोंडी न्हाई चालायचं," मावशी म्हणाली. "नोंद करा."

शेठनं ट्रकवर नंबर टाकायचा रंग मागवला आणि वजनकाट्याशेजारच्या भिंतीवर स्वतः मोठ्या अक्षरांत लिहायला लागला. मंगळवार, ट्रक भरायच्या आधी, माल बघायचा पहिला हक्क. तिथं त्याचा कुंचला थांबला. "किसका? नाम क्या लिखूँ?"

"मावशी लिवा," एक जण म्हणाली.

"मावशी तो सबकी होती है. नाम बोलो."

आम्ही एकमेकींकडं बघायला लागलो. मावशी सोडून तेरा जणी, आणि कुणालाच सांगता येईना. मावशीनं शर्टाला हात पुसले, ताठ उभी राहिली, आणि आपलं नाव, नवऱ्याचं नाव आणि गाव, तिन्ही खणखणीत आवाजात सांगितलं. शेठनं लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. ओल्या रंगाखालून बोट फिरवत ती म्हणाली, "अजून एक बार वाचा, मॅडम." मी तीनदा वाचलं. चार वर्षं मी तिच्या घरात राहत होते, तिच्या चुलीवरची भाकर खात होते, आणि ते नाव त्या भिंतीवर मी पहिल्यांदा वाचत होते.